ऐझॉलच्या स्वयंपाकघरातला पत्र्याचा डबा

२४ डिसेंबरच्या दुपारी मी लेंगपुई विमानतळावर उतरले. काउंटरवर इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांना मिझोराममध्ये शिरायला लागणारा परवाना, काढला आणि शेअर टॅक्सीत बसून निघाले. राजधानी ऐझॉल तिथून बत्तीसेक किलोमीटर, सगळा घाट. पावणेपाचच्या आत अंधारून आलं आणि समोरच्या डोंगरावर दिवे लागायला लागले. कंदील, चांदण्या, माळा, एकावर एक रचलेल्या घरांच्या गच्च्यांवर नुसती दाटी. टॅक्सीवाल्याने इतक्या वाहतुकीतही एकदासुद्धा हॉर्न वाजवला नाही. गर्दीतही हॉर्न न वाजवण्याबद्दल हे शहर प्रसिद्धच आहे. पुण्याहून आलेल्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात याचीच सवय करून घ्यावी लागते.

माझी खोली होती मिशन वेंगमध्ये. वेंग म्हणजे मोहल्ला, आपल्याकडची आळी म्हणा हवं तर. या शहरात एका वेंगचं नाव चक्क बेथलेहेम आहे, त्यामुळे 'नाताळ कुठे केला?' या प्रश्नाला 'बेथलेहेममध्ये' असं उत्तर देण्याची सोय इथे आहे. मी मात्र ती संधी हुकवली.

हुकवलं आणखीही बरंच काही. नाताळात दुकानं बंद असतील एवढं ठाऊक होतं, पण किती बंद ते कळलं २५ तारखेला सकाळी. चहाची टपरी बंद, टॅक्सी नाही, बडा बाजारच्या ज्या पायऱ्यांवर एरवी भाजीवाल्या बसतात तिथे कुत्रंसुद्धा नाही. पिशवीत बिस्किटांचा अर्धा पुडा होता. तो घेऊन जिन्यात बसलेली मी घरमालकीणबाईंना दिसले. त्या सत्तरीच्या, इंग्रजी जेमतेम, हिंदी त्याहून कमी. दुभाषाचं काम त्यांच्या नातीकडे. मी त्यांना सगळ्यांसारखं 'का पी', म्हणजे 'माझी आजी', म्हणायला लागले होते. त्यांनी माझ्या हातातला पुडा काढून घेतला आणि मला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. मिझो घरात मुख्य जेवण सकाळीच होतं आणि दुसरं संध्याकाळी लवकर. म्हणजे मी अगदी वेळेवर पोचले होते.

त्या तांदूळ मोजत होत्या. घरातली माणसं आणि मी धरून मापं घेतली आणि पातेल्यात धुवायला टाकण्याआधी त्यातली एक मूठ काढून शेजारच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. बिस्किटांचा जुना डबा होता, झाकणावरचं चित्र खरवडून गेलेलं. मी विचारलं, हे कशाला? नात म्हणाली, ''बुहफाइ थाम. चर्चचे तांदूळ.''

बुहफाइ म्हणजे तांदूळ, थाम म्हणजे मूठ. मिझो प्रेस्बिटेरियन चर्चमधल्या बायका १९१० पासून हे करत आल्या आहेत. घरात जेव्हा जेव्हा भात शिजतो तेव्हा एक मूठ बाजूला. मंडळीतल्या बायका घरोघर येऊन हे तांदूळ गोळा करतात, ते विकले जातात आणि पैसे चर्चच्या कामाला जातात. त्या काळी लोकांच्या हाती रोकड नसे, होतं ते झूम, म्हणजे जंगल जाळून केलेल्या फिरत्या शेतीतलं धान्य. तेही बेभरवशाचं. दर अठ्ठेचाळीसेक वर्षांनी इथला बांबू फुलतो, त्याच्या बिया खाऊन उंदीर वाढतात आणि मग ते शेतांवर तुटून पडतात. १९१० मध्ये मूठ सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी बांबू फुलला.

मला आजीचा 'मुष्टिफंड' आठवला. साताऱ्याकडे शाळेसाठी, वसतिगृहासाठी असं मूठ-मूठ धान्य गोळा व्हायचं, असं ती सांगायची. आमच्या घरात तो शब्द तेवढा उरला, मूठ कधीच बंद पडली. इथे शंभरावर वर्षं झाली तरी गॅसच्या शेगडीपाशी डबा आहे.

देणगी म्हटली की आपल्याकडे खर्च भागवून उरलेलं आठवतं. शिवाय पावती, फलक, नावाची फरशी. या मुठीची पावती नाही आणि ती उरलेल्यातूनही नाही. माणसांचं माप घेऊन झाल्यावर त्यातूनच ती निघते, म्हणजे प्रत्येकाच्या ताटातले दोन घास कमी होतात. अर्थात का पी काही हा हिशेब करत बसलेल्या नव्हत्या. मूठ टाकताना त्या नातीला कसलंतरी रागावत होत्या.

या पैशातून चर्चचे मिशनरी मिझोरामबाहेरही पाठवले जातात. १८९४ साली लॉरेन आणि सॅव्हिज हे दोघे इंग्रज मिशनरी नदीने ऐझॉलजवळच्या साइरांगला येऊन पोचले, त्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली. त्यांच्यामागून वेल्श मिशनरी आले. आता इथलेच लोक बाहेर जातात. धर्मप्रसाराबद्दल माझी मतं जरा वेगळी आहेत, पण पाहुणी म्हणून जेवायला बसले असताना ती बाहेर काढली नाहीत.

जेवण मात्र दणकून झालं. पालेभाज्या उकडून केलेल्या पातळशा प्रकाराला इथे 'बाइ' म्हणतात. ''अजून बाइ वाढू?'' या प्रश्नाला मी किती हसले हे कुणाला समजावून सांगता आलं नाही. दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर कळलं की त्यात साउम, म्हणजे डुकराची आंबवलेली चरबी असते. मी पोर्क खात नाही. खात नव्हते.

संध्याकाळच्या उपासनेला का पी मला घेऊन गेल्या. गायनवृंदाच्या हातातल्या पुस्तकांत सुरावटीच्या रेघा नव्हत्या, शब्दांवर डो-रे-मीची नुसती अक्षरं होती. आपल्या सारेगमच्या वहीसारखंच, फक्त चार आवाजांचं एकाखाली एक लिहिलेलं. ते सुरेख झालं. पण मला लक्षात राहिलं ते रात्रीचं लेंगखॉम, म्हणजे सगळ्यांनी जमून गाणं. मध्ये खुआंग हा ढोल, एक आजोबा पुढची ओळ भराभर बोलून दाखवायचे आणि मग सगळे ती इतकी संथ ओढायचे की सूर कुठे वळतोय ते समजायला वेळ लागे. हळूहळू माणसं उठली, ढोलाभोवती गोल धरून पावलं टाकू लागली. सुरुवातीच्या काळात या ढोलाला चर्चमध्ये जागा नव्हती. पुढे धर्मजागृतीच्या लाटांत तो आत आला तो आलाच. मला शब्द एक कळत नव्हता, पण दिंडीत चालल्यासारखे पाय आपोआप हलायला लागले.

दुसऱ्या दिवशी रुआइ, म्हणजे अख्ख्या मंडळीचं जेवण. उघड्यावर लाकडांच्या चुलींवर भल्या मोठ्या कढया, डोळे चोळत ढवळणारे पुरुष, कोपराएवढे डाव. नातीने मला कांदे सोलायला बसवलं. कुणी 'पाहुण्या आहात, राहू द्या' म्हटलं नाही, ते बरं वाटलं.

निघायच्या सकाळी दोन बायका गोणी घेऊन दारात आल्या. का पींनी डबा गोणीत पालथा केला, तळाला चिकटलेले दाणे निघावेत म्हणून बुडावर दोनदा थापट्या मारल्या. वह्या-बिह्या काही नाही. त्या बायका वरच्या घराच्या पायऱ्या चढायला लागल्या. का पी आत आल्या, तांदूळ मोजले आणि माझ्याकडे बघून डब्याकडे हनुवटी उडवली. मी मूठ भरली. माझी मूठ भरून वाहणारी, दाणे ओट्यावर सांडले. त्यांनी ते एकेक वेचून डब्यात टाकले. रिकाम्या पत्र्यावर टिकटिक वाजले. खाली टॅक्सी येऊन थांबली होती, अर्थात हॉर्न न वाजवता.