दोन हिरवे: बकस्किन डोंगरातली तांब्याची जुनी चाचणी खाण

जानेवारीतली सकाळ. ॲरिझोनातल्या पार्कर गावाहून निघालो तेव्हा आठ वाजले होते, पण फोन सात दाखवत होता. कोलोरॅडो नदीपलीकडे कॅलिफोर्निया आहे. हिवाळ्यात तिथलं घड्याळ ॲरिझोनाच्या एक तास मागे असतं आणि फोन तिकडचा टॉवर पकडतो. मनगटी घड्याळ लावून जा, कारण या डोंगरात दिवसाचा हिशेब चुकून चालत नाही.

आम्हाला बघायचा होता स्वान्सीच्या वाटेवरच्या टेकडीवरचा एक लहानसा खोदकामाचा पट्टा: दोन खड्डे, एक आडवा बोगदा, बाहेर फेकलेल्या दगडांचा ढीग. स्वान्सी हे तांब्याच्या खाणीभोवती वसलेलं गाव होतं. 1910 च्या सुमारास बाउजहून तिथे रेल्वे आली, पाणी उत्तरेच्या बिल विल्यम्स नदीतून खेचलं जाई. आता भिंती उरल्यात. पण त्या गावाइतकंच आजूबाजूच्या, कधीच मोठ्या न झालेल्या खड्ड्यांकडे लक्ष द्या, असं मी आग्रहाने सांगेन. तिथे खडक उघडा आहे आणि गोष्ट लहान असल्यामुळे पूर्ण वाचता येते.

चढताना अर्ध्या वाटेवर हिरवा खडक लागला. सोबतचा मित्र हरखला, "तांबं!" मीही पहिल्या खेपेला असाच फसलो होतो. तो हिरवा मळकट, शेवाळी होता. तो रंग क्लोराइट या हिरव्या खनिजाचा, त्याचा तांब्याशी संबंध नाही. खडक भरडून पुन्हा घट्ट झालेला, म्हणजे कोणाश्म. मात्र हा हिरवा दिसला की समजायचं, भ्रंश, म्हणजे खडक जिच्यावरून सरकला ती भेग, जवळ आलाय.

वीसेक पावलांवर तो दिसलाच. जवळजवळ आडवी, सपाट पातळी. खाली क्लोराइटचा चुरा आणि त्याखाली मायलोनाइट, म्हणजे खोलवर उष्णतेत पिठासारखा ताणला गेलेला खडक. वर कललेले तांबडे वालुकाश्म आणि ज्वालामुखीचे थर. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीचं कवच ताणलं गेलं, वरचा भाग ईशान्येकडे कित्येक किलोमीटर घसरला आणि खोलातला खडक वर आला. मी एक हात खालच्या खडकावर, दुसरा वरच्यावर ठेवून उभा राहिलो. एक जमिनीवर साचलेला, दुसरा पोटात शिजलेला! बाकी काही पाहिलं नसतं तरी फेरी वसूल होती.

तांबं आलं ते याच फटीतून. खारट, गरम पाणी भ्रंशाच्या वाटेने फिरलं आणि त्यातलं लोह व तांबं भेगांत आणि चुनखडीसारख्या कार्बोनेट थरांत बसलं. म्हणून ढिगाऱ्यात सर्वांत जास्त सापडतं ते चकचकीत काळं हेमॅटाइट, लोहाचं खनिज. न झिलई दिलेल्या फरशीच्या तुकड्यावर घासा, रेघ लाल रंगाचीच उमटते. त्याच्या भेगांत दुसरा हिरवा: निळसर, चिनीमातीसारखा क्रायसोकोला. मूळ गंधकयुक्त तांबं हवा-पाण्याने कुजतं आणि सुटलेलं तांबं सिलिकाशी जुळून हे खनिज होतं. कार्बोनेट मिळालं तर मॅलाकाइट. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की मॅलाकाइट फसफसतं, क्रायसोकोला नाही. मॅलाकाइटवरच्या त्या ओल्या थेंबात घासलेला लोखंडी खिळा फिरवा, त्यावर तांब्याचा लाल मुलामा चढतो. डोळ्यांना गॉगल हवाच.

मग खाण वाढली का नाही? हातोडीने एक मोठा हिरवा दगड फोडला. हिरवा रंग नखाएवढ्या जाडीचा, आत कोरा खडक. थोडंसं तांबं पुष्कळ दगड रंगवतं. बोगद्याच्या तोंडाशीही हेमॅटाइटचा पट्टा हातभर रुंद होऊन पुढे निमुळता होत संपलेला दिसतो. कार्बोनेटची जागा संपली, तिथे धातुकही संपलं असावं.

आत मात्र जाऊ नका. कुजलेली लाकडं, खराब हवा, अंधारात उभं विवर; तोंडाशी उभं राहूनच सगळं कळतं. खड्ड्यांच्या काठाची माती भुसभुशीत असते.

जमीन बरीचशी ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या अमेरिकी सरकारी खात्याकडे आहे, पण मधे खाणकामाचे खासगी क्लेम, म्हणजे खोदकामाच्या हक्काचे दावे, असू शकतात. नोंदी ऑनलाइन आधी पाहा. क्लेमची खूण म्हणून खांब किंवा दगडांची चळत दिसली तर दगड उचलू नका. जुन्या गावातलं तर काहीच नको, गंजका डबाही नाही.

नोव्हेंबर ते मार्च हाच काळ. माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी, उंच चाकांची गाडी, धड स्थितीतला जादा टायर. नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, नकाशा उतरवून घ्या आणि परतीची वेळ कुणाला तरी सांगून ठेवा. पाऊस डोंगरात दूर पडला तरी कोरड्या ओढ्यात गाडी उभी करू नका. आणि केसांचा कंगवा न्या: चोया निवडुंगाचा गोळा पायाला चिकटला तर हाताने ओढू नका, कंगव्याने उडवा.

चारला उतरायला लागा. तिरप्या उन्हात दोन्ही हिरवे वेगवेगळे उठून दिसतात, तेवढे फोटो घ्या आणि उजेडातच कच्चा रस्ता पार करा. संध्याकाळी रानगाढवं रस्त्यावर येतात, आम्हाला तीन भेटली.