रँड नक्की कधी मेला? प्रकल्पाचे ऑनलाइन संदर्भ तपासताना

इतिहासाच्या प्रकल्पासाठी '१८९७चा पुण्यातला प्लेग' हा विषय हमखास निवडला जातो. साधनं भरपूर आहेत, भाषा कळते, गाव माहितीचं आहे. आणि तरीही बहुतेक प्रकल्पांत गुगलच्या पहिल्या पानावरचे तेच ते लेख उतरवलेले असतात. म्हणून हाच विषय घेऊन बोलू.

शोधायला बसण्याआधी एका कागदावर शब्दांची यादी करा. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याला मारणाऱ्या भावांच्या आडनावाची चापेकर आणि चाफेकर ही दोन्ही रूपं प्रचलित आहेत. एकच टाकलंत तर निम्मी साधनं हातची जातात. रँड, रॅंड, रॅण्ड हे तिन्ही टाकून बघा. शुद्धलेखनाचे नवे नियम आले १९६२ साली, त्यामुळे त्याआधीच्या छपाईत 'पुणे' नाही, 'पुणें' असतं. 'काही'चं 'कांहीं' असतं. इंग्रजीत शोधताना 'पुणे' विसरा आणि 'पूना'चं जुनं स्पेलिंग वापरा, कारण त्या काळचे सगळे सरकारी कागद त्याच नावाने आहेत. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत टाका.

स्कॅन केलेल्या जुन्या मराठी पुस्तकांत शोधपेटीवर भिस्त ठेवू नका. छपाईचे जुने खिळे आणि पुसट जोडाक्षरं यंत्राला नीट वाचता येत नाहीत, त्यामुळे 'काही सापडले नाही' याचा अर्थ 'पुस्तकात नाही' असा होत नाही. अनुक्रमणिका उघडायची आणि पानं उलटायची. इंटरनेट अर्काइव्हवर तर पुस्तकांची नावं रोमन लिपीत, कशीही लिहिलेली असतात. लेखकाच्या आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं करून पाहावी लागतात. सरकारी बाजूसाठी नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर ब्रिटिश हिंदुस्थानातले वैद्यकीय अहवाल आहेत, त्यांत प्लेगचे अहवालही सापडतात. आधी कुणी काय काम केलंय हे पाहायला शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह. तिथल्या प्रबंधाची संदर्भसूची हाच खरा खजिना, पण त्यातला संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याशिवाय आपल्या यादीत घालायचा नाही.

आता तपासणी. '२२ जून १८९७ रोजी रँडचा वध झाला' हे वाक्य ठिकठिकाणी दिसतं. त्या रात्री गणेशखिंडीत, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाच्या समारंभाहून परतताना, त्याच्यावर गोळी झाडली गेली हे खरं. त्याच रात्री गोळी लागलेला लष्करी अधिकारी आयर्स्ट तेव्हाच गेला. रँड मात्र ३ जुलैला मेला. मग इतक्या ठिकाणी २२ जून कसं? एकाने लिहिलं, बाकीच्यांनी उचललं. दहा साइटवर एकच वाक्य, त्याच विरामचिन्हांसकट दिसलं, तर तो दहा जणांचा पुरावा नसतो. एकाचाच असतो, आणि बहुधा त्या एकाचाही नाव-गाव पत्ता नसतो. अशा वेळी त्याच पानावर घुटमळू नका. दुसरा टॅब उघडा, लेखक कोण, त्याला ही माहिती कुठून मिळाली, आणि त्या काळचा कागद काय म्हणतो ते पाहा.

त्या काळचा कागद सापडला म्हणजे काम झालं असंही नाही. प्लेगचे रुग्ण शोधण्यासाठीच्या घरझडतीत सैनिकांनी केलेल्या अत्याचारांबद्दल गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १८९७ साली इंग्लंडमध्ये 'मँचेस्टर गार्डियन'ला निवेदन दिलं. ते पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून होतं. परत आल्यावर त्यांना पुरावा उभा करता आला नाही आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. तुम्ही फक्त निवेदन उद्धृत केलंत तर ते अर्धंच सांगणं झालं. माफीवरून अत्याचार घडलेच नाहीत असा निष्कर्ष काढणंही तितकंच घाईचं. दोन्ही द्या, तारखांसह.

संदर्भ लिहिताना सगळ्यात जास्त गोंधळ सालाचा होतो. जुन्या पुस्तकावर शके १८१९ असेल तर सरसकट ७८ मिळवून मोकळे होऊ नका: चैत्र ते डिसेंबरअखेर ७८, जानेवारी ते फाल्गुन ७९. नुसतंच शके असेल आणि महिना नसेल, तर 'शके १८१९ (१८९७-९८)' असं लिहा. संदर्भ जमवणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते साइटच्या नोंदीत जे आहे तेच उचलतं, चुकीसकट. साल, प्रकाशक आणि आवृत्ती मुखपृष्ठामागच्या पानावरून हाताने दुरुस्त करा. पान क्रमांक छापील द्यायचा, पीडीएफचा नाही. मुखपृष्ठ, प्रस्तावना वगैरे धरून दोन्हींत सहज पंधरा-वीस पानांचा फरक पडतो, आणि परीक्षक नेमकं तेच पान उघडतात.

मराठी विश्वकोशातली नोंद घेतलीत तर शेवटी लेखकाचं नाव असतं, ते द्या. 'विश्वकोश' एवढंच लिहिणं म्हणजे पत्त्यात नुसतं 'पुणे' लिहिणं. विकिपीडिया वाट दाखवायला ठीक, पण तिथला मजकूर रोज बदलू शकतो, म्हणून तोच उद्धृत करायचा असेल तर 'इतिहास'मधून ठरावीक आवृत्तीचा दुवा घ्या. बाकी वेब पानांसाठी लेखक, शीर्षक, साइट, तारीख, दुवा आणि तुम्ही कधी पाहिलंत तो दिवस. पान वेबॅक मशीनवर, म्हणजे वेब पानांच्या प्रती साठवणाऱ्या साइटवर, त्याच दिवशी जतन करून ठेवा. सहा महिन्यांनी तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री ते गायब झालेलं आढळतं.

चॅटबॉटने दिलेला संदर्भ असेल तर आणखी एक पायरी. डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) असेल तर तो डीओआय डॉट ओआरजीवर टाका आणि उघडणाऱ्या लेखाचं शीर्षक जुळतंय का पाहा; क्रमांक खरा आणि लेख भलत्याच विषयावरचा, हेही घडतं. डीओआय नसेल तर पूर्ण शीर्षक अवतरणात टाकून गुगल स्कॉलरवर आणि एखाद्या मोठ्या ग्रंथालयाच्या सूचीत शोधा. कुठेच नाही सापडलं तर तो संदर्भ काढा, आणि त्याच्या आधारावर लिहिलेला परिच्छेदही.