वृद्धाश्रमातला लाल डबा : जोखमीच्या औषधांची घडी बसवताना

सिंहगड रोडवरून आत धायरीकडे वळलं की तीसेक आजी-आजोबांचं आमचं केअर सेंटर लागतं. मी तिथे सिस्टर इन्चार्ज आहे. त्याआधीची बरीच वर्षं हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात गेली. वॉर्डात रोज डॉक्टरांचा राउंड असतो, खाली फार्मसी असते, फार्मासिस्टला शंका आली तर तो वर फोन करून विचारतो. इथे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. औषधं नातेवाईक आणतात : कधी कोथरूडच्या मेडिकलमधून, कधी ऑनलाइन मागवून, कधी नाशिकची मुलगी येताना पिशवीत घालून. वॉर्डात जी चूक तीन जणांच्या नजरेखालून जाते ती इथे थेट जेवणाच्या ताटाशेजारी येऊन बसू शकते.

सेंटर बघायला येणारी मुलं-सुना लिफ्ट आहे का, जेवण कसं आहे, खोलीला गॅलरी आहे का, हे सगळं विचारतात. औषध कोण देतं आणि दिलेलं कोण तपासतं, हे क्वचितच कोणी विचारतं. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा.

सुरुवात पिशव्यांपासून केली. प्रत्येकाची सगळी औषधं, सगळी डिस्चार्ज कार्डं आणि शेवटचं प्रिस्क्रिप्शन जेवणाच्या मोठ्या टेबलावर मांडायचं आणि कंपनीचं नाव बाजूला ठेवून आतल्या औषधाच्या नावाने यादी करायची. काम कंटाळवाणं आहे, पण निम्मे धोके तिथेच दिसतात. एका आजोबांकडे ग्लिमेपिराइड हे शुगर कमी करणारं औषध दोन वेगवेगळ्या ब्रँडचं निघालं. एक फॅमिली डॉक्टरांनी पूर्वीपासून दिलेलं, दुसरं हॉस्पिटलने डिस्चार्जच्या वेळी लिहिलेलं. स्ट्रिपचे रंग वेगळे, नावं वेगळी, त्यामुळे दोन्ही चालू. त्यांना दुपारी जेवणाआधी घाम यायचा, ते चिडचिड करायचे, आणि घरचे म्हणायचे, "वय झालं, स्वभाव बदललाय." शुगर तपासली तर 58. डॉक्टरांशी बोलून एक गोळी बंद झाली आणि आजोबा दुपारी पुन्हा पेपर वाचायला लागले.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली औषधांमुळे होणारं टाळता येण्याजोगं नुकसान कमी करण्याची जी जागतिक मोहीम सुरू केली, तिने तीन ठिकाणी विशेष लक्ष द्यायला सांगितलं होतं : धोक्याच्या परिस्थिती, एकाच माणसाला खूप औषधं, आणि रुग्ण एका जागेहून दुसऱ्या जागी जातो ती वेळ. आमच्याकडच्या जवळपास प्रत्येक आजी-आजोबांना या तिन्ही गोष्टी एकदमच लागू होतात.

यादी झाल्यावर आमच्या डॉक्टरांबरोबर बसून जोखमीची औषधं वेगळी काढली. यांतली काही औषधं रोजच्या वापरातली आणि अगदी गरजेची आहेत. फक्त चूक झाली तर तिची किंमत फार मोठी. इन्सुलिन आणि शुगर एकदम खाली आणू शकणाऱ्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं, हृदयासाठीचं डिगॉक्सिन, संधिवातासाठीचं मेथोट्रेक्सेट, मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं आणि त्यांचे पॅच, झोपेच्या गोळ्या. यांच्यासाठी लाल झाकणाचे डबे आणले, प्रत्येक माणसाचा वेगळा, आणि ते कुलपाच्या कपाटात. किल्ली ड्यूटीवरच्या सिस्टरकडे. पुढचा नियम असा की लाल डब्यातलं काहीही एकटीने द्यायचं नाही. एकीने काढायचं, दुसरीने नाव, औषध, मात्रा आणि वेळ मोठ्याने वाचायची, मग दोघींच्या सह्या.

इथे लगेच अडचण आली. रात्री सिस्टर एकच असते, मग दुसरी सही कोणाची? सेंटरच्या मालकांना दुसरी नाईट सिस्टर परवडणारी नव्हती, आणि ते मला समजत होतं. शेवटी आमच्या दोन अनुभवी मावशींना तयार केलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे उत्तम वाचतात. म्हणून चार्ट मराठीत केला, आजी-आजोबांचा फोटो वर लावला आणि इन्सुलिनची मात्रा मोठ्या आकड्यात लिहिली. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायचा, नुसतं 'यू' अक्षर नाही, कारण घाईच्या अक्षरात ते शून्यासारखं दिसतं आणि 4 चे 40 होतात. मावशी सिरिंज उजेडात धरतात, आकडा वाचतात, चार्टवरचा आकडा वाचतात, मगच मान हलवतात. एकदा रात्री त्यांनी नव्या सिस्टरला थांबवलं होतं : "ताई, हे झाकण केशरी आहे. या आजींचं लाल असतं."

ते झाकण फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये 40 युनिटची एक आणि 100 युनिटची दुसरी. 40 साठीच्या सिरिंजला लाल झाकण, 100 साठीच्या सिरिंजला केशरी. इन्सुलिनच्या पेनमधली कार्ट्रिज सहसा 100 ची. आता 100 च्या बाटलीतून लाल झाकणाच्या सिरिंजने '10' या खुणेपर्यंत औषध ओढलं, तर अंगात 10 नव्हे, 25 युनिट जातात. अडीचपट! ऐंशीच्या आजींच्या जिवावर बेतायला एवढं पुरे आहे. उलट केलं तर 10 च्या जागी फक्त 4 जातात आणि शुगर वाढत राहते. पेन अडकलं म्हणून त्याच्या कार्ट्रिजमध्ये सिरिंज खुपसून औषध काढण्याची सवय मी काही ठिकाणी पाहिली आहे. आमच्याकडे ते पूर्ण बंद आहे. बाटली आणि तिची सिरिंज एकाच पाऊचमध्ये राहतात. पेन ज्याचं त्याचंच, सुई बदलली तरी दुसऱ्याला लावायचं नाही. उघडलेल्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायची, कारण बहुतेक इन्सुलिन उघडल्यावर साधारण 28 दिवसच वापरता येतं. दुरुस्तीसाठी दिवसभर वीज जायची असेल तर फ्रीज सतत उघडायचा नाही आणि बर्फाला बाटली टेकू द्यायची नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं.

जेवणाआधीचं इन्सुलिन ताट समोर आल्याशिवाय द्यायचं नाही, हाही नियम केला. स्वयंपाकाला उशीर झाला, आजींना डुलकी लागली, भाजी आवडली नाही म्हणून ताट परत गेलं, अशा साध्या कारणांनीच शुगर पडते. आणि उपास! आषाढी एकादशीला पालख्या पुण्यातून पुढे गेलेल्या असतात, टीव्हीवर पंढरपूर दिसत असतं, आणि आमच्या निम्म्या आजी सकाळपासून निर्जळी करायच्या गोष्टी करतात. त्यांना नको म्हणायचा मला अधिकार नाही आणि मन होत नाही. म्हणून एकादशी आणि चतुर्थीच्या आदल्या आठवड्यातच डॉक्टरांकडून लिहून घेतो की त्या दिवशी शुगरची गोळी किती आणि इन्सुलिन किती, आणि कोणाला उपास अजिबात करू द्यायचा नाही. शुगर 70 च्या खाली गेली आणि माणूस नीट गिळत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन. विसराळूपणाचा आजार असलेल्यांना 'मला कसंतरी होतंय' असं सांगता येत नाही. त्यांच्यासाठी ओला गळा, थरथर आणि अचानक आलेला राग हीच भाषा, आणि ती ओळखायला मावशी माझ्यापेक्षा तरबेज आहेत.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी मला सगळ्यात जास्त दमवलं. आमच्याकडे वॉरफरिन आणि असिनोकुमारॉल घेणारे आहेत. या गोळ्यांचा परिणाम आयएनआर तपासणीने कळतो. आकडा जितका जास्त, तितकं रक्त उशिरा गोठतं. बहुतेकांना तो 2 ते 3 च्या मधे हवा असतो, हृदयाच्या काही कृत्रिम झडपांना त्याहून थोडा जास्त. मात्रा बदलते, सोमवारी अर्धी आणि मंगळवारी पाऊण असंही असतं. 'पूर्वीप्रमाणे चालू ठेवा' हे वाक्य अशा औषधाला चालत नाही, म्हणून प्रत्येकाची वही केली. तारीख, आयएनआर, पुढची मात्रा, पुढच्या तपासणीची तारीख. तपासणी चुकली तर गोळी चुकल्याइतकीच मोठी नोंद होते.

याच वहीत आम्ही 'नवीन काय' असा रकाना ठेवला. पावसाळ्यात एका आजोबांचं पोट बिघडलं. भेटायला आलेल्या भाच्याने प्रेमाने जुलाबाच्या गोळ्या आणून दिल्या, त्यांत मेट्रोनिडाझोल होतं. असिनोकुमारॉलबरोबर ते पडलं की आयएनआर वर उडतो. उशाखाली ती स्ट्रिप मावशींना दिसली म्हणून वेळेत कळलं. तेव्हापासून भेटायला येणाऱ्यांची पिशवी आम्ही प्रेमाने पण नक्की बघतो. गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी, कारल्याचा रस, कोणीतरी सांगितलेला काढा, सगळं आधी आमच्या टेबलावर. काही नातेवाईकांना राग येतो. एका मुलाने मला 'जेल आहे का?' असं विचारलं. त्याला वही दाखवली, त्याच्या आईचे आकडे दाखवले, तेव्हा तो शांत झाला. पालक-मेथी मात्र आम्ही बंद केली नाही. त्यांतल्या के जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम कमी होतो हे खरं, पण आठवडाभर शून्य आणि भोगीच्या आठवड्यात भरमसाट, असं होऊ नये एवढंच. दर आठवड्याला साधारण तेवढीच भाजी. आणि हे औषध घेणारा माणूस पडला, डोक्याला लागलं, तर तो हसत-बोलत असला तरी हॉस्पिटलमध्ये न्यायचा. यावर चर्चा नाही.

डिगॉक्सिनचं सोपं आहे, पण शिस्त लागते. पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची. 60 च्या खाली असेल तर गोळी थांबवायची आणि डॉक्टरांना फोन. आपल्याकडे ते बऱ्याचदा आठवड्यातून पाचच दिवस लिहितात, म्हणून चार्टवर उरलेल्या दोन दिवसांच्या चौकटी आधीच लाल फुलीने बंद करून ठेवतो. जेवणावरची वासना गेली, मळमळ सुरू झाली, सगळं पिवळट दिसतंय असं कोणी म्हणालं, तर 'म्हातारपण' म्हणून सोडून द्यायचं नाही.

झोपेच्या गोळ्यांवर डॉक्टरांशी माझे वाद झाले, चांगल्या अर्थाने. अमेरिकेत डॉ. मार्क बीअर्स यांनी 1991 साली वयस्कर माणसांसाठी शक्यतो टाळायच्या औषधांची जी यादी केली, ती मुळात नर्सिंग होममधल्या रहिवाशांसाठीच होती. ती आजही सुधारून वापरली जाते आणि क्लोनाझेपाम-अल्प्राझोलामचं कुटुंब तिच्यात ठळक आहे. पडणं, खुबा मोडणं, गोंधळ उडणं. पण वर्षानुवर्षं घेतलेली गोळी एकदम तोडली तर आकडीही येऊ शकते. डॉक्टरांनी तिघांची मात्रा हळूहळू उतरवली. एका आजींना ते जमलं नाही, त्या रात्रभर जागायच्या, म्हणून त्यांची गोळी कमी मात्रेत चालू ठेवली. ते योग्यच झालं असं मला वाटतं.

हॉस्पिटलमधून माणूस परत येतो तो दिवस आमच्याकडे सगळ्यात सावध असतो. बहुधा संध्याकाळी, ॲम्ब्युलन्समधून, दमलेले नातेवाईक आणि हातात घाईने लिहिलेलं कार्ड. त्या दिवशी जुना डबा पूर्ण रिकामा करतो आणि कार्डावरच्या प्रत्येक औषधासमोर 'जुनं, नवीन, बदललेलं, बंद' यांपैकी एक लिहितो. जे जुनं औषध कार्डावर दिसत नाही ते मुद्दाम बंद केलंय की लिहायचं राहिलंय, हे फोन करूनच विचारतो. अंदाज करत नाही. औषधाचा त्रास झाल्याचा संशय असेल तर भारतीय औषध सतर्कता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर कळवता येतं. रुग्ण-नातेवाईकांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. तो क्रमांक आम्ही ऑफिसच्या भिंतीवर लावलाय.

येत्या सोमवारी एक नवीन आजी येतायत. संधिवाताच्या आहेत, मुलगा परदेशात. त्याने स्ट्रिपचे फोटो पाठवलेत, त्यांत मेथोट्रेक्सेट आहे आणि प्रिस्क्रिप्शनवर वार लिहिलेला नाही. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज दिलं गेल्याने जगभर माणसं दगावली आहेत. त्यांच्या डॉक्टरांच्या क्लिनिकला मी फोन केलाय. कोणता वार, किती मिलिग्रॅम आणि फॉलिक ॲसिड कोणत्या वारी, हे लेखी मागितलंय. ते येईपर्यंत ती स्ट्रिप कपाटात कुलपाखाली राहील, आणि चार्टवरच्या सहा चौकटींवर फुल्या मारायला मी लाल पेन काढून ठेवलंय.