कामाडोची जळालेली पट्टी बदलली, त्याची नोंद

गणपती उठल्यानंतरच्या पहिल्या रविवारी माझ्या कामाडोवरची, म्हणजे भाजलेल्या मातीच्या, घुमटासारखे झाकण असलेल्या कोळशाच्या शेगडीवरची, ताडपत्री काढली. घुमट उघडताच आधी बुरशीचा वास आला आणि मग, बूड व घुमट जिथे एकमेकांवर टेकतात त्या कडेवर, समोरच्या उजव्या अंगाला फट बंद ठेवणारी पट्टी वीतभर काळी पडून तुटलेली दिसली. बोट लावले तर तिचा भुगा झाला. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या दोन पेटवणींत ११० अंश सेल्सिअसवर बसवलेले तापमान मध्यरात्रीनंतर आपोआप १५० च्या पुढे गेले होते आणि त्याचा दोष मी नव्या कोळशाला दिला होता. वखारवाल्याची मनातल्या मनात क्षमा मागून कामाला लागलो. माझी शेगडी मुलुंडला तळमजल्यावरील घरामागच्या चार हात अंगणात असते, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने ओलाव्यातच काढते, हे पुढच्या वाचनासाठी लक्षात असू द्यावे.

कामाडो म्हणजे जपानी भाषेत चूलच, पण आपल्या चुलीला हवा मोकळी मिळते आणि हिला फक्त खालच्या दारातून व वरच्या टोपीतून. त्या दोन वाटा जितक्या उघडाल तितकाच विस्तव फुलतो, आणि मटणाचे रान (अख्खी मांडी) रात्रभर मंद आंचेवर ठेवता येते ते केवळ यामुळे. तोंडावरची पट्टी ही हवेची तिसरी वाट बंद ठेवण्यासाठी असते. रायगडकडे पोपटी लावताना मडक्याच्या तोंडात भांबुर्डीचा पाला दाबून बसवतात, त्यातला एक भाग असाच वाफ कोंडण्याचा असतो. इथे मात्र आणखी एक गोष्ट पट्टीवर अवलंबून असते : स्वयंपाक झाल्यावर दोन्ही वाटा बंद केल्या की निखारे गुदमरून विझले पाहिजेत, आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामी आला पाहिजे. माझ्याकडे गेले वर्षभर सकाळी फक्त राख मिळत होती.

नवी पट्टी आणण्याआधी जुनी का जळाली ते पाहिले, आणि माझ्या मते या कामातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. बाकीची सारी पट्टी चरबी पिऊन तपकिरी झाली होती, पण शाबूत होती. पट्टी वयाने संपली असती तर सगळीकडे सारखीच संपली असती. रात्री अंगणातला दिवा मालवून शेगडीत पेटती विजेरी ठेवली, घुमट लावला, तर बिजागरीला घड्याळातले बारा मानल्यास चार ते पाचच्या दरम्यान प्रकाशाची बारीक रेघ दिसली. मग बाहेरच्या कडेवरून बोट फिरवले. उजव्या बाजूला घुमट आत गेलेला आणि डाव्या बाजूला बाहेर आलेला, असा साधारण ४ मिलिमीटरचा फरक लागला. म्हणजे घुमट डावीकडे सरकला होता, उजवीकडच्या पट्टीची आतली कड उघडी पडली होती, आणि भरीताची वांगी भाजताना मोठी केलेली आच थेट तिच्यावर येत होती. घुमट धरून ठेवणाऱ्या वरच्या पोलादी पट्ट्याचा बोल्ट तापून-निवून सैल झालेला होताच. शिवाय एप्रिलमध्ये शेगडी सरकवताना आमच्या मेहुण्यांनी ती घुमटाच्या मुठीला धरून ओढली होती, हे मला त्या क्षणी आठवले. त्यांना अजून सांगितलेले नाही.

साहित्यासाठी मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात गेलो. मूळ पट्टी फेल्टची, म्हणजे तंतू दाबून केलेल्या जाड कापडाची असते. त्यातले नोमेक्स हे अरामिड जातीचे तंतू वितळत नाहीत, पण ३७० अंशांच्या आसपास त्यांचा कोळसा होऊ लागतो, आणि सलग वापरासाठी त्यांची मर्यादा याहून बरीच खाली आहे. आमच्या हवेत फेल्टचा दुसरा दोष म्हणजे ते ओलावा धरून ठेवते. म्हणून काचतंतूंची विणलेली पट्टी घ्यायचे ठरवले. ती साधारण ५०० अंशांपर्यंत टिकते आणि तिला बुरशीही फारशी धरत नाही. पहिल्या दुकानदाराने मात्र बॉयलरची जाड पांढरी दोरी पुढे केली.

“साहेब, ही घ्या. भट्टीला लावतात. जन्मात जळणार नाही.”

“ॲस्बेस्टॉस आहे का?”

“तेच तर सांगतोय, जळणार नाही.”

ॲस्बेस्टॉसच्या तंतूंनी फुप्फुसाचा कर्करोग होतो, ही शंकेची बाब राहिलेली नाही. आणि ही दोरी अन्नाच्या वर, वीतभर अंतरावर बसणार. सिरॅमिक फायबरची पट्टीही मी त्याच कारणाने नाकारली, कारण तिचे सुटणारे बारीक तंतू श्वासात जाऊ देण्यासारखे नसतात. तिसऱ्या दुकानात २२ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड काचतंतूंची पट्टी मिळाली. माझ्या कडेचा मध्यव्यास ५० सेंटिमीटर आहे, म्हणजे एक फेरा १५७ सेंटिमीटरचा आणि दोन्ही कडांचे मिळून ३१४. मी साडेतीन मीटर घेतली. चिकटवण्यासाठी इंजिनाच्या कामात वापरतात ते लाल आरटीव्ही सिलिकॉन घेतले. नळीवर सलग २६० आणि थोडा वेळ ३४० अंश असे लिहिलेले असते.

जुनी पट्टी खरवडण्यात पूर्ण शनिवार गेला. रंगारी लांबी (पुट्टी) भरायला वापरतात ती पातळ पत्री आडवी धरून जेवढे निघेल तेवढे काढले, आणि खाली चिकटून राहिलेल्या डिंकाच्या थरावर ॲसिटोनमध्ये भिजवलेले फडके दहा-दहा मिनिटे ठेवून तो मऊ केला. ॲसिटोन क्षणात पेट घेते, म्हणून अंगणात उदबत्तीसुद्धा लावू दिली नाही. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून हे काम अर्ध्या तासात होते असे मला दोघांनी सुचवले होते; पण कडेवरची झिलई एकदा उडाली की खालची सच्छिद्र भाजलेली माती उघडी पडते, आणि ती पाणी पिते. हाताने केले, खांदा दुखला, कड मात्र चिनी मातीच्या बशीसारखी गुळगुळीत निघाली.

त्यानंतर, गोंदाला हात लावण्याआधी, घुमट सरळ केला. तो बंद स्थितीत ठेवूनच वरच्या पट्ट्याचे बोल्ट सैल केले, दोन्ही तळहातांनी घुमट उजवीकडे सरकवला, बाहेरच्या कडा सगळीकडे एका रेषेत आल्या आणि मग पाना फिरवला. बोल्ट सैल असताना घुमट उघडायचा नाही, हे लिहूनच ठेवतो. माझ्या घुमटाचे वजन वीस किलोंच्या वर आहे. तो पट्ट्यातून निसटला तर फरशीवर फक्त खापऱ्या राहतील.

चिकटवण्यात मी एक चूक केली. आरटीव्ही हवेतला ओलावा शोषून घट्ट होते, आणि सप्टेंबरअखेरच्या मुंबईत ओलावा मागावा लागत नाही. व्हिनेगरसारखा वास दरवळेपर्यंत त्यावर साय धरू लागते. या घाईत बुडाच्या कडेवर पट्टी वळणावर बसावी म्हणून मी ती किंचित ताणत गेलो. दुसऱ्या दिवशी पाहतो तो पट्टी आखडून बिजागरीजवळच्या सांध्यात ८ मिलिमीटरची फट पडलेली. तिथे कापून तेवढाच तुकडा बसवला. घुमटाची कड करताना शहाणपण सुचले : एका वेळी वीतभरच सिलिकॉन लावले, पट्टी न ताणता नुसती ठेवत गेलो, आतल्या कडेपासून ३ मिलिमीटर जागा सोडली म्हणजे ज्वाळा तिला चाटणार नाही, आणि शेवटचे टोक चार बोटे लांब ठेवून सिलिकॉन धरल्यावरच कापले. दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये प्लास्टिकचा कागद घालून घुमट चोवीस तास त्यांच्यावर टेकवून ठेवला.

घुमट पुन्हा एकदा सरळ करावा लागतो, हे मला आधी ठाऊक नव्हते. जुनी पट्टी दबून कागदासारखी झाली होती. नव्या दोन्ही मिळून ६ मिलिमीटर जाड. त्यामुळे बिजागरीची बाजू आधी टेकायची आणि समोर फट राहायची. बोल्ट परत सैल केले, घुमट स्वतःच्या वजनाने पट्टीवर बसू दिला आणि मग आवळले. दहा रुपयांची नोट कडेभर बारा ठिकाणी अडकवून ओढून पाहिली : अकरा ठिकाणी ती अडून आली, एका ठिकाणी, नेमकी त्या जोडलेल्या तुकड्यापाशी, जरा सहज सुटली. आत धूप पेटवून दोन्ही वाटा बंद केल्या, तेव्हा धुराची एक बारीक वेटोळी तिथूनच निघाली. सध्या ती चालवून घेतली आहे.

पहिली पेटवण मुद्दाम मंद ठेवली, कारण पावसाळाभर मातीने पाणी प्यायलेले असते आणि एकदम तापवल्यास तडा जाण्याची भीती असते. चार तास १२० अंशांवर शेगडी नुसतीच रिकामी चालवली. पहिला तासभर वरच्या टोपीतून वाफ येत होती. पुढच्या शनिवारी रान लावले. अडीच किलो कोळसा भरला, रात्री साडेदहाला ११० अंशांवर बसवले, पहाटे साडेचारला उठून पाहिले तर काटा ११४ वर. आठ वाजता दोन्ही वाटा बंद केल्या आणि संध्याकाळी शेगडी उघडून कोळसा तोलला : १ किलो ३०० ग्रॅम शिल्लक.

त्या सांध्याशी पट्टीचा रंग थोडा बदललेला दिसतो आहे. दिवाळीच्या आधी तेवढाच तुकडा काढून, या वेळी न ताणता, नवा बसवीन; अजून २० सेंटिमीटर पट्टी आणि पाऊण नळी सिलिकॉन शिल्लक आहे.