तुम्ही विचारलंत म्हणून: त्याला पुन्हा त्याच वर्गात का बसवलंत?

पालकसभा संपली की दाराशी कुणीतरी थांबायचंच. आता निवृत्त झाले, तरी लग्नाकार्यात गाठ पडली की लोक विचारतात, "बाई, केसमधून सुटला हे मान्य. पण त्याला पुन्हा आमच्या मुलांच्या वर्गात कशाला घेतलंत? सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता आली असती की."

मी एकतीस वर्षं शिकवलं, बरीचशी नववीची वर्गशिक्षिका म्हणून. शेवटच्या काही वर्षांत पोलीस केसमध्ये नाव येऊन सुटलेली अशी तीन मुलं माझ्या वर्गात परत आली. पहिल्याच्या वेळी मी चुकले, ते आधी सांगते.

मोबाईलच्या दुकानात चोरी झाली, त्यात चौघांबरोबर याचंही नाव आलं. काही दिवस निरीक्षणगृहात, मग जामीन, मग बाल न्याय मंडळापुढे तारखा. कायद्याच्या कागदावर अशा मुलाला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. गल्लीत त्याचं नाव 'रिमांडहोमवाला' पडलं. चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढवून, असं कायदा सांगतो. याला पुरते सहा महिने लागले. त्या संध्याकाळी तो आजीला घेऊन दवाखान्यात होता, हे शेवटी पुढे आलं आणि मंडळानं त्याला मोकळं केलं. तोवर सहामाही होऊन गेली होती. हजेरीपटातल्या त्याच्या नावावर लाल रेघ मीच मारली होती, वरून सांगितलं म्हणून. नंबर तेवीस. मी रोज बावीसवरून थेट चोवीसवर जायचे आणि वर्गालाही ते अंगवळणी पडलं होतं.

तो परत आला त्या दिवशी मी फळ्यापाशी उभी राहून बोलले. झालं गेलं विसरून जाऊ, आपण सगळे त्याला सांभाळून घेऊ. अगदी मनापासून बोलले. सगळा वर्ग मागे वळला. शेवटच्या बाकावर तो दप्तर मांडीवर घेऊन बसला होता. तास संपेपर्यंत त्यानं ते खाली ठेवलं नाही. ज्यानं काही केलंच नव्हतं, त्याला मी सगळ्यांदेखत माफ करून टाकलं होतं. पंधरा दिवसांत तो यायचा बंद झाला.

दुसऱ्याच्या वेळी मी फक्त हजेरी घेतली. आदल्या दिवशी त्याचं नाव हजेरीपटात त्याच्या जुन्या नंबरावर पुन्हा लिहून ठेवलं होतं. नंबर पुकारला, तो "हजर" म्हणाला, मी पुढच्या नंबरावर गेले. बाकही जुनाच, शेजारीही जुनाच. प्रयोगवही मात्र कोरी होती. भूमितीची दोन प्रकरणं गेली होती, ती गणिताच्या सरांनी मधल्या सुट्टीत डबा खाता खाता दीड महिन्यात भरून काढली. मूल परत येतं ते असं, मागे राहिलेल्या धड्यांवरून. वागणूक सुधारल्याचा पुरावा आधी आणायला सांगितला की तिथंच त्याचा पाय अडखळतो.

"पुरावा नव्हता म्हणून सुटला असेल," असंही लोक म्हणतात. 2015 चा बाल न्याय कायदा सांगतो की अठरा वर्षांपर्यंत मूल निर्दोष मानूनच चालायचं. त्याचं कलम 74 म्हणतं, मुलाची ओळख पटेल असं काही छापायचं नाही, शाळेचं नावसुद्धा नाही. आणि प्रकरण मिटल्यावर पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठीही ती नोंद बाहेर द्यायची नाही. जे पोलिसांनी सांगायचं नाही, ते शाळेनं शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर का बोलावं?

आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्यानं मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीत तो आधार सुटतो आणि नेमका तिथंच सतरा नंबरचा फॉर्म पुढे केला जातो. तो फॉर्म ज्यांचं शिक्षण मोडलं त्यांच्यासाठी आहे, आणि त्यावर दहावी झालेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत. पण चालतं शिक्षण मोडायला तो वापरू नये. पंधरा वर्षांचा मुलगा दिवसभर घरी बसत नाही, नाक्यावर बसतो.

तुमच्या मुलांची काळजी मलाही होती. तिसऱ्याचं प्रकरण मारामारीचं होतं आणि ज्याला लागलं तो मुलगा त्याच वर्गात होता. तक्रार मागे घेतली गेली, तरी त्याची भीती गेली नव्हती. तिथं मी आधी त्याच्या घरी गेले, त्याला विचारलं, आणि परत येणाऱ्याची तुकडी बदलली. तुकडीच बदलली, शाळा नाही. ज्यानं मार खाल्ला त्याला जागचं हलवलं नाही.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. दहावीनंतर दुसरा मुलगा दाखला न्यायला आला तेव्हा भाऊसाहेबांनी, म्हणजे शाळेच्या कारकुनांनी, पेन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "बाई, काय लिहू?" म्हटलं, "चांगली." शेऱ्याचा रकाना कोरा ठेवायला सांगितला.

पहिल्याचा दाखला न्यायला अजून कुणी आलेलं नाही. निवृत्त व्हायच्या आदल्या आठवड्यात मी मुद्दाम भाऊसाहेबांना विचारलं होतं.