दुबार पेरणीची सोय

पुण्याला खाडी नाही. खाजणाचा चिखल, त्यातली बिळं, दिवसातून दोनदा येणारी भरती बघायची तर घाट उतरावा लागतो. पण जिथे भरती वर्षातून एकदाच येते अशी जागा घाटमाथ्यावरही आहे: पठारावरच्या काळ्या कातळातलं परातीएवढं डबकं. मे महिन्यात त्यात भेगाळलेली माती आणि शेळ्यांच्या लेंड्या, एवढंच. त्या मातीत, खसखशीहून बारीक, फेअरी श्रिंपची अंडी पडलेली असू शकतात.

हा जीव कोळंबीचा लांबचा नातेवाईक. वाढला की सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर, पायांच्या अकरा जोड्या, आणि पोहतो उताणा. वळीव पडून डबकं भरलं की एक-दोन दिवसांत अंडी फुटतात, आठवडा-दीड आठवड्यात पिल्लं वयात येतात. नर डोक्यापुढच्या अंकुशांनी मादीला धरतो, मादी पोटाखालच्या पिशवीतली अंडी चिखलात सोडते आणि पाणी आटतं. सगळा संसार एका डबक्यात, तोही घाईघाईने.

पण खरी हुशारी अंड्यांची. जूनमध्ये एक सर येते आणि मग पंधरा दिवस ऊन. शेतकऱ्याच्या कपाळी तेव्हा दुबार पेरणी येते. फेअरी श्रिंपने ती सोय आधीच केलेली असते. पहिल्या पावसात सगळी अंडी फुटतच नाहीत. काही दुसऱ्या पावसाला, काही पुढच्या वर्षाला राखून ठेवलेली असतात. कणगीतलं बियाणं एकदम रिकामं करायचं नाही, हे त्यांना पक्कं माहीत.

घरी बघायचं असेल तर अशा कोरड्या डबक्यातली चमचाभर माती पुरते. पसरट काचेच्या भांड्यात तिचा पातळ थर द्या आणि वर चार बोटं पावसाचं पाणी ओता. नळाचं नको: त्यात क्लोरीन असतं आणि क्षारही. नवा पाऊस आल्याची खूण म्हणजे कमी क्षारांचं पाणी, हे अंड्यांचं गणित. भांडं उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नाही. थर जाड झाला तर खालच्या अंड्यांना ना उजेड ना प्राणवायू. ती झोपूनच राहतात.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टिंबाएवढी पिल्लं झटके देत फिरताना दिसतात. मग त्यांना खाऊ घालताना सगळ्यांचा हात सैल सुटतो. यीस्ट कालवून घालायचं ते थेंबभर, आणि पाणी पुन्हा नितळ दिसल्यावरच पुढचा थेंब. पाणी दुधाळ राहिलं की प्राणवायू संपतो आणि एका रात्रीत भांडं रिकामं. डासांसाठी म्हणून गप्पी मासे पठारावरच्या डबक्यांत सोडणाऱ्यांबद्दल काय बोलावं! माशासमोर हा उताणा पोहणारा जीव म्हणजे वाढलेलं ताट.

पाणी संपलं की माती सावलीत खडखडीत वाळवा, महिनाभर तशीच ठेवा, आणि पुन्हा पावसाचं पाणी घाला. त्याच चमचाभर मातीतून पुन्हा काही टिंबं हलू लागतात.