गोमुख ते तपोवन : ‘दोन तासां’च्या वाटेचा हिशेब

गोमुखापासून, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या मुखापासून, तपोवनाचे पठार चार किलोमीटरवर आहे आणि तिथे पोहोचायला दोन तास लागतात, हे आम्ही निघण्यापूर्वी इतक्या जणांकडून ऐकले होते की ते पडताळून पाहावे असे कोणालाच वाटले नाही. प्रत्यक्षात गोमुखाच्या अलीकडच्या भोजबासाच्या मुक्कामाहून निघून तपोवनाच्या पठारावर पाय ठेवायला आम्हांला नऊ तास लागले. आम्ही पुण्याहून गेलेले पाच जण होतो आणि पाचही जणांनी हरिश्चंद्रगडाची नळीची वाट किमान दोनदा केलेली होती, त्यामुळे घसाऱ्याची, म्हणजे सुट्या मातीदगडांच्या उताराची, किंवा मोठ्या दगडांवरून चालण्याची भीती कोणालाच नव्हती. बूट, काठ्या, गरम कपडे आणि बारा किलोची सॅक घेऊन दिवसभर चालण्याची सवय यांविषयी मी इथे काही लिहीत नाही; ज्याला ते सांगावे लागते त्याने गोमुखापर्यंत जाऊन परत यावे, तेवढेही पुष्कळ सुंदर आहे.

पहिली फसवणूक परवान्याची. गोमुखाला जाण्यासाठी वनखात्याचा परवाना लागतो, दिवसाला दीडशेच माणसे सोडतात आणि तो परवाना दोन दिवसांचा असतो. या परवान्यावर गोमुखाच्या पलीकडे जाता येत नाही. तपोवनासाठी वेगळी परवानगी आणि नोंदणी असलेला गाइड लागतो. ज्या व्यावसायिकाकडे आम्ही माणशी चौदा हजार रुपये भरले होते, त्याने ‘सगळे परवाने आमच्याकडे’ असे फोनवर तीनदा सांगितले होते. गंगोत्रीपासून जेमतेम दोन किलोमीटरवर कनखूची चौकी आहे, तिथे वनरक्षकाने कागद उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे म्हणाला, ‘‘इसमें तो गोमुख तक ही लिखा है.’’ त्याचे काहीच चुकले नव्हते. आमच्यातला एक जण गाइडला घेऊन शंभर किलोमीटर मागे उत्तरकाशीला गेला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवा कागद घेऊन परतला आणि जीपचे भाडे अर्थातच आमच्याच खिशातून गेले. पैसे भरण्याआधी परवान्याचे छायाचित्र मागवा आणि त्यावर ‘तपोवन’ हा शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. तोंडी आश्वासनावर एक रुपयाही देऊ नका.

गंमत अशी की या गोंधळात वाया गेलेले दोन दिवसच आमच्या उपयोगी पडले. गंगोत्री साधारण ३१०० मीटरवर आहे, भोजबासा ३८०० च्या आसपास आणि तपोवन ४४६० मीटरच्या जवळ. आमच्या मूळ आखणीप्रमाणे आम्ही डेहराडूनहून गंगोत्रीला आल्याच्या दुसऱ्या दिवशी भोजबासा आणि तिसऱ्या दिवशी तपोवन गाठणार होतो, म्हणजे दोन दिवसांत जवळजवळ १४०० मीटर चढणार होतो. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटरवर आहे, तेव्हा सह्याद्रीतल्या अनुभवाने या उंचीविषयी काहीही कळत नाही. तपोवनावर प्रत्येक श्वासात समुद्रकाठच्या मानाने जेमतेम साठ टक्के प्राणवायू मिळतो आणि दमसास कितीही चांगला असला तरी शरीराला वेळ द्यावाच लागतो. चौकीवरून परत फिरावे लागल्यामुळे आम्ही गंगोत्रीत सक्तीने आणखी दोन रात्री काढल्या आणि माझे पक्के मत आहे की त्यामुळेच पुढे फक्त एकाचे डोके दुखले. गंगोत्रीच्या अलीकडे हर्सिलला एक रात्र आणि गंगोत्रीत दोन, याहून कमी वेळ ज्या आखणीत असेल ती आखणी स्वीकारू नका. डोकेदुखी किंवा मळमळ असेल तर भोजबासाच्या पुढे एक पाऊलही टाकू नये, आणि उंचीसाठीची गोळी घ्यायची की नाही हे आपल्या डॉक्टरला घरूनच विचारून यावे.

गंगोत्री ते भोजबासा हे चौदा किलोमीटर रुंद, आखीव वाटेचे आहेत. चीरबासाला झाडांच्या सावलीत बसून खाल्ले, भागीरथी शिखरे समोर होती, मजेत गेलो. भोजबासाच्या अलीकडे ‘गिला पहाड’ नावाचा दरडींचा पट्टा लागतो, तिथे मात्र फोटोसाठी थांबू नका. वरच्या उतारावर भरल, म्हणजे हिमालयातल्या रानमेंढ्या, चरत असतात आणि त्यांच्या पायाने सुटलेला दगड खाली येईपर्यंत बंदुकीच्या गोळीसारखा झालेला असतो.

आता खरा विषय. जुनी प्रवासवर्णने वाचून गेलेल्या माणसाच्या डोक्यात अशी वाट असते की गोमुखाच्या बाजूने वर चढायचे, हिमनदी तिरकी ओलांडायची आणि समोरच्या भिंतीने तपोवनावर जायचे. ती वाट लिहिणाऱ्यांनी खोटे लिहिले नव्हते. हिमनदीच त्यांच्या वर्णनाखालून सरकून गेली आहे. भूवैज्ञानिकांच्या मोजणीनुसार १९३५ ते १९९६ या एकसष्ट वर्षांत गंगोत्री हिमनदीचे मुख सुमारे ११५० मीटर मागे गेले, म्हणजे वर्षाला सरासरी एकोणीस मीटर. मुखाजवळचा बर्फ तुटत राहतो, भेगा रुंदावतात, आणि ज्या पट्ट्यावरून पूर्वी माणसे ये-जा करत तिथे आता दगडमातीने झाकलेला पोकळ बर्फ आहे. म्हणून आता भोजबासालाच ट्रॉलीने भागीरथी ओलांडतात आणि पलीकडच्या काठाने वर जातात. आम्हांला हे भोजबासाला पोहोचल्यावर, रात्री जेवताना कळले.

ट्रॉली म्हणजे लोखंडी तारेला टांगलेला पाळणा आणि तो ओढायचा दोर. आम्ही पहाटे साडेपाचला काठावर होतो, दोर ओढणारी माणसे सातला आली, आणि त्यांनी आदल्या रात्री ठरलेल्या रकमेच्या अडीचपट रक्कम मागितली. त्यांचे म्हणणे असे की ठरलेला दर माणसांचा होता, सामानाचा वेगळा. नदी खाली घोंघावत असताना आणि दिवस चढत असताना घासाघीस करता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक असते. आम्ही पैसे दिले आणि पुढचे दोन तास मी त्याच रागात चाललो, ज्याने माझा दम विनाकारण गेला. दर ठरवताना माणसे, सॅक, तंबू, पोर्टर आणि परतीची फेरी हे सगळे एका आकड्यात ठरवा, गाइडसमोर कागदावर लिहून घ्या आणि निम्मे पैसे परतीच्या वेळी द्या. सुटे पैसे उत्तरकाशीहूनच आणा.

ट्रॉलीच्या पलीकडे वाट संपते. पुढचे चार-साडेचार तास आम्ही कधी फ्रिजएवढ्या तर कधी खोलीएवढ्या दगडांवरून, हिमोढाच्या, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या, धारेखालून, मधूनच कोरड्या नाळा धावत ओलांडत चाललो. इथे डगमगता वाटणारा दगड खरोखरच डगमगता असतो, आणि पक्का वाटणाराही निम्म्या वेळा डगमगता असतो. तरीही हा भाग नळीची वाट केलेल्या माणसाला जमण्यासारखा आहे. शेवटची भिंत तशी नाही.

तपोवनाच्या पठारावरून आकाशगंगेचा ओढा जिथून खाली कोसळतो, त्याच्या कडेने ही चढण आहे. नकाशावर ती अंगठ्याच्या नखाएवढी दिसते. सुट्या मातीत रुतलेले दगड, चढ इतका उभा की काठी टेकायला जागा नाही, आणि पाऊल ठेवले की पायाखालचा सगळा थर वीतभर खाली येतो. आमच्या घसाऱ्यात झुडूप असते, गवताची मूठ असते, निदान कातळाची खाच असते. इथे धरायला काहीही नाही, आणि धरावासा वाटणारा प्रत्येक दगड हातात येतो. अर्ध्या उंचीवर ओढा ओलांडावा लागतो. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता, वरचा बर्फ वितळून पाणी पोटरीपर्यंत आले होते आणि सावलीतल्या दगडांवर सकाळच्या बर्फाचे काचेसारखे पापुद्रे अजून होते. पंधरा पावले ओलांडायला आम्हांला चाळीस मिनिटे लागली, आणि दोर होता म्हणूनच लागली तेवढीच. गाइडने दोर आणण्याची गरज नाही असे म्हटले होते. तो आमच्यातल्या एकीने हट्टाने स्वतःच्या सॅकमध्ये आणला होता. तिचे सगळ्यांनी उरलेल्या प्रवासात सामान उचलले.

या ठिकाणाविषयी माझे मत स्पष्ट आहे. सकाळी अकराच्या आत इथे पोहोचता येणार नसेल तर मागे फिरा आणि भोजबासाला जेवा. वीस मीटरचा दोर गटाकडे स्वतःचा असावा. चढताना माणसे एकाखाली एक ठेवू नका, कारण पहिला जे दगड सोडतो ते दुसऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर येतात. आणि जो गाइड या भिंतीला ‘बस, दो घंटे’ म्हणतो, त्याला ती शेवटची कधी चढला होता हे विचारा.

वर आलो तेव्हा चार वाजले होते आणि माझे पाय थरथरत होते. समोर ६५४३ मीटरचे शिवलिंग एकाएकी उभे होते, मध्ये काहीही नसताना, गवताच्या पठारातून थेट वर. भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या पथकाने ते १९७४ साली पहिल्यांदा सर केले, आणि तिथे बसून कोणालाही ते का सर करावेसे वाटावे हे कळत होते, कसे केले असेल ते कळत नव्हते. पहाटे टोक आधी तांबूस झाले, मग पांढरे. थंडीने बाटलीतले पाणी गोठले होते आणि कोणी कुरकुर केली नाही. आम्ही दोन रात्री राहिलो. एक रात्र ठेवून येणाऱ्यांनी येऊच नये. त्या भिंतीची किंमत एका रात्रीत वसूल होत नाही. हे मी दमलेल्या अवस्थेत लिहिले असते तर उलटे लिहिले असते, हेही मान्य करतो.

उतरणे चढण्यापेक्षा वाईट आहे. आम्ही सहाला निघालो, पाणी घोट्याएवढेच होते, तरी भिंतीखाली यायला दोन तास लागले, आणि कोणाच्या तरी दोन तासांचा हिशेब तेवढ्यापुरता खरा ठरला.

आम्ही गेलो तो सप्टेंबर २०२४ चा शेवटचा आठवडा होता. त्यानंतर ५ ऑगस्ट २०२५ रोजी खीरगंगेच्या लोंढ्याने गंगोत्रीच्या रस्त्यावरचे धराली गाव गाडले गेले, तेव्हा उत्तरकाशीच्या पुढच्या रस्त्याची स्थिती आदल्या संध्याकाळी विचारूनच निघा आणि परतीच्या गाडीआधी दोन दिवस मोकळे ठेवा. कनखूच्या चौकीवर जाताना प्लास्टिक मोजून अनामत घेतात. त्याची पावती आम्ही हरवली, आणि सगळी वेष्टने परत आणूनही ती रक्कम मिळाली नाही.